ज्यांचं खळं नाही

आप्पासाहेब सरपंच दवाखान्यात आले ते दुखणं घेऊन नाही, बातमी घेऊन. वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या, फेट्याचा शेमला मागं टाकला आणि रांगेत बसलेल्या सगळ्या बायाबापड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लिडियाबाई, आधी तोंड गोड करा. रातच्या सभेत गावानं तुमाला बलुतं लावलं."

लिडिया एका म्हातारीच्या डोळ्यांत मलम घालत होती. म्हातारीची पापणी तशीच वर धरून तिनं मान वळवली. "बलुतं?"

"मंग! सुतार हाय, लोहार हाय, कुंभार हाय, न्हावी हाय. बारा बलुतेदार वाडवडलांपासनं चालत आल्यात. आता तुमी तेराव्या."

"माजा डोळा मिटू दे की गं बाई," म्हातारी म्हणाली, आणि रांगेत हशा पिकला.

आप्पासाहेबांना आनंद लपवता येत नव्हता. गोष्टही तशी आनंदाचीच होती. दीड वर्षापूर्वी नगरच्या एका संस्थेनं बाभूळटेकला हा दवाखाना उघडला. डॉक्टर आठवड्यातून एकदा जीपनं यायचे, बाकीचे दिवस लिडिया एकटी सांभाळायची. संस्थेनं आता कळवलं होतं की औषधं आम्ही देऊ, डॉक्टर पाठवू, पण नर्सच्या पोटापाण्याचं गावानं बघावं. या सुगीपर्यंत गावानं काही ठरवलं नाही, तर बाईंना दुसऱ्या गावी पाठवू. सभेत पुष्कळ वाद झाला. आजारी पडेल त्यानं द्यावं, असं काहींचं म्हणणं. त्यावर आप्पासाहेबांनी विचारलं, "ज्याचा नांगर औंदा मोडला न्हाई, तो सुताराला दाणे घालत न्हाई का?" वाद तिथंच मिटला. ज्याचं खळं, त्यानं सुगीला दाणे घालायचे. मग वर्षभर घरात कुणी आजारी पडो न पडो, दवाखाना आपला. साधी, कुणालाही कळणारी गोष्ट. गावाला दुसऱ्या कुणी शिकवावी लागली नव्हती.

"सुगीला तुमी खळ्याखळ्यावर या," आप्पासाहेब म्हणाले. "रास लागली की पैला वाटा तुमचा. मानानं देऊ."

"बघू," लिडिया म्हणाली. "सुगीला अजून वेळ आहे."

"बघू काय बघू? गावानं ठरवलंय!" ते हसतच निघून गेले. आपण या बाईला केवढं मोठं केलं, या समाधानात त्यांना तिचा चेहरा दिसला नाही.

लिडिया याच गावची. तिचे वडील यशया मास्तर. गावाच्या खालच्या अंगाला, चर्चजवळ त्यांचं दोन खोल्यांचं घर. मिशनच्या शाळेत मास्तरांनी उभी हयात काढली आणि गावातल्या निम्म्या कारभाऱ्यांना बाराखडी शिकवली. आप्पासाहेबांना पाढे पाठ नसल्याबद्दल उन्हात उभं केलं ते यांनीच. पण यशयाचे वडील गावाच्या चाकरीतले. सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. आणि सुगीत खळ्याच्या कडेला घोंगडी पसरून उभं राहायचं. लहानगा यशया घोंगडीचं दुसरं टोक धरून असे. वरून दाणे पडत. घोंगडीत पडले ते पडले, मातीत गेले ते बापलेक बोटांनी वेचत. कधी खळेकरी चेष्टेनं सूप उंच धरी, म्हणजे वेचायला जास्त लागावं. हे मास्तरांनी लिडियाला उभ्या आयुष्यात एकदाच सांगितलं होतं, तेही दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

मात्र त्या घरात गावची ज्वारी कधी आली नाही. दाणे यायचे ते तिसगावच्या बाजारातून, एसटीच्या टपावरून, पोत्यात. हुरड्याच्या दिवसांत शेतातून जाताना कुणी "मास्तर, या की" म्हटलं तर मास्तर "दात हलतात" म्हणत. दात चाळिशीपासून हलत होते आणि सत्तरीतही शाबूत होते.

लिडियाच्या आईचं, मरियमबाईंचं, याच्या नेमकं उलटं. ती कुणाच्याही बांधावर बसून हुरडा खायची, हात काळे करून घरी यायची. गावातली अर्धी बाळंतपणं तिच्या हातची. कुणी खण-नारळ दिला तर घ्यायची, कुणी काही दिलं नाही तर चहा मागून प्यायची. नवऱ्याला म्हणायची, "अहो, देणारा हात कसा आहे ते बघावं. सगळे हात सारखे नसतात." मास्तर पुस्तकात डोकं घालत.

गेल्या श्रावणात मरियमबाई गेल्या. सकाळी छातीत कळ आली, संध्याकाळी सगळं संपलं. चर्चच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली त्यांना ठेवलं. तोवर दवाखान्यालगतच्या खोलीत राहून फक्त जेवायला घरी येणारी लिडिया तेव्हापासून बापाजवळ घरी राहू लागली. आई पीठ ओंजळीनं मोजून काढायची. तिची ओंजळ लहान. तिघांना किती लागतं ते तिला ठाऊक. लिडियानं तेच माप उचललं, आणि रोज एक भाकरी उरत राहिली. उरली तर उरली. सकाळी ती दुधात कुस्करून मास्तर खात.

बलुत्याचं वडिलांना सांगायचं कसं, या विचारात लिडियानं दिवस काढला. सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी कानिफनाथ न्हाव्यानं मास्तरांच्या गालाला साबण लावतानाच सांगून टाकलं. "मास्तर, तुमची लेक आमच्यात आली की! सुगीला आता आमी दोगं संगंच फिरू. माज्या झोळीत कमी पडलं तर बाईच्या झोळीतनं घीन." कानिफनाथाच्या मनात काही नव्हतं. मास्तर अर्धी दाढी तशीच ठेवून उठले आणि घरी आले.

लिडिया चुलीपुढं बसली होती. वडिलांच्या एका गालावर वाळलेला साबण बघून ती उठली.

"खरं आहे?" मास्तरांनी विचारलं.

"मी हो म्हटलेलं नाही."

"नाही पण म्हटलेलं नाहीस."

"नाही म्हटलं तर बदली होईल, बाबा. शेवगावकडं किंवा आणखी कुठं. तुम्ही चला मग माझ्याबरोबर."

"तुझी आई इथं आहे," मास्तर म्हणाले. "मी कुठं येणार नाही." मग थांबून, वर्गात सूचना द्यावी तशा सरळ आवाजात म्हणाले, "तू शहाणी आहेस, तुझं तू ठरव. पण तू खळ्याच्या कडेला उभी राहून दाणे आणलेस, तर त्या दाण्यांची भाकरी मी खाणार नाही. एवढंच." आणि आरसा घेऊन उरलेली दाढी स्वतःच करायला बसले. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं.

अशी ती दोन्हीकडून अडकली. हो म्हणावं तर बाप तिच्या हातचं जेवणार नाही. नाही म्हणावं तर त्याला या घरात, त्या लिंबाच्या झाडापाशी एकटं सोडून जावं लागणार. दिवस जात होते. ज्वारी निसवली, हुरड्याला आली, पिवळी पडली. लिडिया रोज सकाळी दवाखाना उघडत होती आणि उत्तर पुढं ढकलत होती.

औंदा मध्यावधी निवडणूक लागली होती. भोंगे लावलेल्या जीपा धुरळा उडवत फिरत. एके दिवशी तापाच्या रोग्याला बघून लिडिया ओढ्याच्या वाटेनं परत येत होती. ओढ्यापलीकडं मजुरांची वस्ती. त्यांच्यापैकी कुणाच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही. त्या बाजूनं बऱ्याच दिवसांत दवाखान्यात कुणी आलं नव्हतं. निम्मी वस्ती ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेली असते, तेव्हा नसतील आले, असं धरून ती चालली होती. पण ओढ्यात झुंबरबाई धुणं धूत होती, आणि तिच्याशेजारी दगडावर तिची सून मालन बसली होती. दिवस भरत आलेले. लिडियानं तिच्या पायांकडं पाहिलं. घोटे दिसत नव्हते. मग तोंडाकडं पाहिलं. डोळे सुजून बारीक झाले होते.

"झुंबरबाई, ही सूज कधीपासून?"

"झालं की दोन हप्ते. पयल्या खेपंला व्हती कुणाकुणाला, म्हणून म्या पानं बांदली."

"डोकं दुखतं का गं?"

मालननं सासूकडं पाहून मान हलवली. "लई. आन् डोळ्यापुढं काजवे चमकत्यात."

लिडियानं पिशवीतनं यंत्र काढून तिथंच दगडावर तिचा रक्तदाब घेतला. आकडा पाहून तिनं पुन्हा घेतला. आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाली, "हिला आजच नगरला न्यायला हवं. पण झुंबरबाई, तुम्ही दवाखान्यात का नाही आणलं हिला? चार पावलांवर तर आहे!"

झुंबरबाईनं पिळा झटकला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, लिडियाला तेच सगळ्यांत लागलं. "कसं आनायचं बाई? आदी येत हुतो. आता बलुतं लागलं न्हवं दवाखान्याला. आमचं खळं कुठं हाय?"

"म्हणून नाही आलात?"

"सुताराला दाणे न्हाई घातलं तर सुतार आवत करून देतो व्हय? रीत हाय ती. आमी कुनाचं फुकाट न्हाई घेत." आणि जरा हसून म्हणाली, "तुजी आई असती तर म्या आनली असती. तिला कुटं बलुतं हुतं!"

लिडियानं यंत्र पिशवीत ठेवलं. एवढे दिवस ती बलुत्याच्या या टोकाकडं पाहत होती, घोंगडी धरून उभं राहण्याच्या. त्याला दुसरंही टोक होतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. गावानं भल्या मनानं एक कुंपण घातलं होतं. ज्यांना दवाखान्याची सगळ्यांत जास्त गरज, ते बाहेर राहिले होते. आणि कुणी हाकललं म्हणून नव्हे, आपल्या अब्रूनं.

तेवढ्यात वाटेवर भोंगा वाजला. झेंडे लावलेली प्रचाराची जीप ओढा उतरत होती. लिडिया पाण्यात शिरून जीपच्या आडवी उभी राहिली.

"बाई, बाजूला व्हा! पाथर्डीला सभा हाय!"

"मतं मागायला निघालात ना? मग हे मत आधी नगरला पोचवा. उशीर झाला तर मत राहणार नाही."

पुढच्या सीटवरच्या पुढाऱ्यानं मालनकडं पाहिलं, मग लिडियाच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि निमूट खाली उतरला. कार्यकर्ते उतरले. लिडिया आणि झुंबरबाई मालनला घेऊन बसल्या. ड्रायव्हर घाबरला होता. त्यानं भोंगा बंद केलाच नाही, आणि करंजी घाट पार होईपर्यंत "आपलं अमूल्य मत" असं ओरडत ती जीप मालनला घेऊन नगरला गेली. मालनची वेळेवर सुटका झाली. मुलगी झाली, छोटीशी, पण दणकून रडणारी. वस्तीत पुढं बरेच दिवस तिला सगळे 'जीपवाली' म्हणत.

नगरहून आल्यावर लिडिया घरी न जाता थेट आप्पासाहेबांच्या मळ्यात गेली. मळणी चालू होती. सारवलेल्या खळ्यात मधोमध रोवलेल्या मेढीभोवती बैलांची पात फिरत होती. एका बाजूला आप्पासाहेबांची बायको आक्काबाई कणसं सारत होती. लिडियानं चपला काढल्या आणि कडेला न थांबता सरळ खळ्यात गेली.

"या, या!" आप्पासाहेब खूश झाले. "रास लागायची हाय अजून, पन पैलं माप तुमचंच."

"मी घ्यायला नाही आले, आप्पासाहेब. मला बलुतं नको."

बैलांमागचा गडीसुद्धा थबकला. आप्पासाहेबांचं तोंड उतरलं. "का? गावानं मान दिला, त्यो बी कमी पडला?"

"मान मोठा दिलात. पण मालन त्या मानापायी मरत होती." आणि तिनं ओढ्यावरची सगळी हकीकत सांगितली.

आप्पासाहेब ऐकत राहिले. मग फेटा काढून मांडीवर ठेवला. "हे मनातच आलं न्हाई," ते म्हणाले. "आमी कुठं म्हटलं की तुमी येऊ नका?"

"तुम्ही नाही म्हटलं. रीतीनं म्हटलं."

"मग आता गावात सांगतो, त्यांनी बी यावं. फुकट."

"ती माणसं फुकट यायची नाहीत."

"मंग त्यांनी काय द्यावं? खळं न्हाई, दाणे न्हाईत!"

"दाणे न्हाईत कसं?" कणसं सारता सारता आक्काबाई मधेच म्हणाली. "आपल्या रानात कापनी झाली की सरवा कोन वेचतं? त्याच बाया न्हवं? पडल्या कणसाचे दाणे त्यांच्याबी घरात हायेत. खळं तेवडं न्हाई."

"तेच तर म्हणतो मी! खळं न्हाई!"

"मंग द्या की करून!" आक्काबाई फणकारली. "खळं म्हंजी काय सोन्याचं असतंय? माती, पानी आन् शेन. चार बाया बसल्या तर दीस मावळायच्या आत हुतंय. एवडे सरपंच झालात, खळं न्हाई येत व्हय करून?"

ती टोमणा मारून पुन्हा कणसांकडं वळली. पण लिडिया आणि आप्पासाहेब एकमेकांकडं बघत राहिले.

"गावाचं खळं," लिडिया सावकाश म्हणाली. "दवाखान्यापुढं मोकळी जागा आहे."

"सगळ्यांचं एकच," आप्पासाहेब म्हणाले. "पन आमच्या वीस एकरवाल्यानं किती घालायचं आन् झुंबरबाईनं किती?"

"घरटी एक ओंजळ. तेवढी घातली की दवाखाना त्याचा. ज्याला जास्त घालायचं त्यानं घालावं, पण कुणी मोजायचं नाही. आणि मी कुणाच्या खळ्यावर न्यायला येणार नाही, आप्पासाहेब. तुम्ही आणून घालायचं."

आप्पासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. या वेळी मात्र त्यांना तिचा चेहरा दिसला असावा. फेटा पुन्हा डोक्यावर ठेवत ते हळूच म्हणाले, "मास्तरांनी दाढी अर्धी टाकून का पळ काढला, ते कानिफनाथाला कळंना झालं हुतं. मला बी आत्ता कळतंय, पोरी."

गावात कुरकूर झालीच. गहिनीनाथ म्हणून एक जुने कारभारी होते, त्यांनी चावडीवर विचारलं, "कुनाकुनाच्या घरचं दाणे एका राशीत? इटाळ-चांडाळ काय ऱ्हायला का न्हाई?" बातमी आक्काबाईच्या कानावर गेली, तेव्हा ती पाणी भरायला निघाली होती. हंडा कमरेवर घेऊनच ती चावडीपुढं थांबली. "गहिनीनाथदाजी, तिसगावच्या बाजारात पोतं घेता तवा दाण्याला जात इचारता व्हय? आन् दवाखान्यातली सुई कुनाकुनाला टोचल्याली असती, ते बी जरा इचारून घ्या." गहिनीनाथदाजींना त्याच आठवड्यात सुई घ्यायची होती.

फाल्गुनात दवाखान्यापुढची जागा खणली, पाणी मारलं, तुडवली. आक्काबाई म्हणाली होती तसंच झालं. झुंबरबाई आणि वस्तीतल्या बाया आपणहून आल्या, शेण कालवून त्यांनी जमीन अशी सारवली की पाय ठेवायला जीव होईना. मधोमध मेढ रोवली. मळायचं काही नव्हतं, पण मेढीवाचून खळं दिसत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. कडेला बुरुडानं विणलेली मोठी कणगी ठेवली. लिडियाला खायला लागेल तेवढं तिच्यातनं काढायचं आणि बाकीचं तिसगावला विकून तिचा पगार भागवायचा, असं ठरलं.

ठरल्या दिवशी सकाळी लिडियानं वडिलांना विचारलं, "येता ना?"

"मी कशाला? मला कुठं जमीन आहे? तुमचा कार्यक्रम, तुम्ही करा." मास्तर पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले. बलुतं टळलं, लेक राहणार, एवढ्यावर ते समाधानी होते. पण खळं ते खळंच. ती पायरी त्यांच्यानं चढवत नव्हती. लिडियानं आग्रह केला नाही.

खळ्यावर गाव लोटलं. आप्पासाहेबांनी पहिली ओंजळ घातली. आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. मापारी असराजी जवळ उभा होता, आयुष्यभराच्या सवयीनं तो म्हणाला, "लाभ!" पाठोपाठ आक्काबाईच्या जावेनं ओंजळ घातली, तसा असराजी "दोन" म्हणायला गेला आणि लिडियानं हात वर केला. "मोजायचं नाही, असराजी."

असराजी घोटाळला. न मोजता मापारी करणार काय? मग त्याला सुचलं. दुसऱ्या ओंजळीलाही तो म्हणाला, "लाभ!" तिसरीलाही. मग प्रत्येक ओंजळीला तसंच सुरू झालं. वीस एकरवाल्यालाही लाभ आणि सरव्याचे बारीक दाणे पदरातनं आणणाऱ्या बाईलाही लाभ. दुसरा आकडाच नव्हता. पोरं हसत त्याच्यामागं ओरडू लागली.

झुंबरबाईनं आपली ओंजळ घातली, मालनकडून 'जीपवाली'ला छातीशी घेत इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "मास्तर कुटं?"

"घरी आहेत," लिडिया म्हणाली.

झुंबरबाईनं पदर खोचला. नात मालनकडं देऊन ती खालच्या अंगाला चालू लागली. चर्चजवळच्या घरात काय झालं ते लिडियाला नंतर वडिलांकडूनच कळलं. झुंबरबाई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, या गावात खळं नसलेल्यांत म्या एक, आन् तुमी एक. म्या घालून आले. तुमाला औषीद लागत न्हाई व्हय?"

मास्तर म्हणाले, "माझी लेक नर्स आहे, झुंबरबाई."

"आसंल. पर रीत ती रीत. लेकीकडनं बी फुकाट कशाला घ्यायचं?"

मास्तरांनी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं.

खळ्यावरच्या गर्दीला ते येताना दिसले तेव्हा सगळे आपोआप बाजूला झाले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, हातात तिसगावच्या ज्वारीची पिशवी. खळ्याच्या कडेपाशी येऊन मास्तर थांबले. सारवलेल्या जमिनीच्या काठावर, जिथं घोंगडी पसरायची, बरोबर तिथं. लिडिया पलीकडं उभी होती.

"मास्तर, आत या की," आप्पासाहेब म्हणाले. मग जरा हसून, "का पाढे म्हनून दावू आदी?"

"सतराचा म्हण," मास्तर म्हणाले. लोक खो खो हसले. त्या हसण्यात मास्तरांनी वाकून चपला काढल्या, नीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि खळ्यात पाऊल टाकलं. जमीन गार होती. ते मेढीजवळून गेले, कणगीपाशी आले, पिशवीतनं ओंजळ भरली आणि वर धरली. अंमळ तशीच धरून ठेवली. मग आत सोडली.

"लाभ!" असराजी ओरडला.

मास्तर हलले नाहीत. त्यांनी पुन्हा पिशवीत हात घातले. या वेळी ओंजळ लहान भरली, बोटं जवळ घेऊन, बाईमाणसाच्या हाताएवढी. तीही कणगीत सोडली. घरटी एकच ठरली होती. पण मोजायचं नव्हतं, आणि दुसरी कुणाची म्हणून कुणी विचारलंही नाही. असराजीनं मात्र आवाज जरा खाली आणला.

"लाभ," तो म्हणाला.

झुंबरबाईनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच नातीचं नाक पुसलं, जणू पदर त्यासाठीच उचलला होता.

त्या आठवड्यात कणगीतली ज्वारी पहिल्यांदा लिडियाच्या घरी आली, दळून चुलीपाशी गेली. लिडियानं पीठ काढलं. परातीत हात थांबला. एक ओंजळ तिनं डब्यात परत टाकली आणि दोघांपुरतं मळलं. मास्तर पाटावर बसले, तुकडा मोडला, कालवणात बुडवून तोंडात घातला. लिडिया तव्याकडं पाहत होती, पण कान मागं होते.

बराच वेळ चावून मास्तर म्हणाले, "दळण जरा जाड झालंय."

"गिरणीवाल्याला सांगते," लिडिया म्हणाली.

"सांग. ज्वारी चांगली आहे." आणि दुसऱ्या भाकरीसाठी त्यांनी ताट पुढं केलं.